२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटर नसताना कसं शोधलं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न गणिताचा आहे पण सुरुवात दुधापासून करावी लागतेय, तेवढं चालवून घ्या.

मी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बघतो, म्हणजे गावोगावच्या संस्थांमध्ये लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकलं की दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं, तेच. परवा एका संस्थेच्या सेक्रेटरींचा सकाळी सकाळी फोन, साहेब वर्षाची टोटल वजा दाखवतंय. मला वाटलं कोणीतरी चुकीची एन्ट्री मारली असेल. जाऊन बघतो तर खरी बेरीज २,१४,८१,२५०.५० रुपये यायला पाहिजे होती आणि स्क्रीनवर वजा २,१४,६८,४२२.४६. शेतकऱ्यांच्या पैशाचा मामला, हात थंड पडले अक्षरशः.

कारण तासाभरात सापडलं. पॉइंटची भानगड नको म्हणून जुन्या प्रोग्रामात सगळे हिशेब पैशात ठेवलेत आणि टोटल ठेवलीय साध्या इंटिजरमध्ये, ३२ बिटवाल्या. त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. त्याच्यावर एक पैसा जरी गेला तरी आकडा गर्रकन फिरून वजात जातो. ते दुरुस्त करतोय, त्याची काळजी नाही.

पण ही संख्या काय आहे म्हणून बघायला गेलो तर कळलं की ती मूळ संख्या आहे, आणि हे ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७७२ साली सिद्ध केलं होतं. १७७२! पानिपत होऊन अकरा वर्षं झालेली. दोन अब्जांच्या वरच्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही हे एक माणूस कागदावर कसं काय ठरवतो? आणि दुसरं म्हणजे कॉम्प्युटरची मर्यादा नेमकी मूळ संख्येवरच येऊन थांबते यात काही कारण आहे का, का आपला योगायोग? मी बीएस्सीपर्यंत गणित केलंय पण आता सगळं विसरलोय, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

झटपट_०७

सोपंय. २ चा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा. घातांक मूळ असला की उत्तर मूळ येतं. ३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १, म्हणजे तुमची २१४७४८३६४७, पण मूळ. यांना मेर्सेन संख्या म्हणतात.

फळाखडू

झटपट, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण उरलेल्या अर्ध्यात भले भले फसलेत, म्हणून लगेच लिहितो. ११ मूळ आहे ना? २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. म्हणजे घातांक मूळ असला की झालं, असं नाही. उलट मात्र खरं आहे, घातांक संयुक्त असेल तर २^न − १ मूळ असूच शकत नाही. आणि कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, म्हणून आधी तेच घेतो.

बायनरीत २^न − १ म्हणजे ओळीने न वेळा १. सोळा बिटच्या इंटिजरमधला एक बिट चिन्हाला जातो, उरतात १५, म्हणून त्याची मर्यादा २^१५ − १ = ३२७६७, बायनरीत पंधरा १. आता त्या पंधरा एक्क्यांचे तीन-तीनचे गठ्ठे करा: १११ १११ १११ १११ १११. पाच सारखे गठ्ठे पडले की नाही, मग १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जाणारच, जसा आपल्या नेहमीच्या ९९९९९९ ला ९९९ ने जातो तसाच. खरंच ३२७६७ = ७ × ३१ × १५१. चौसष्ट बिटला ६३ एक्के उरतात, त्यांचेही तीन-तीनचे एकवीस गठ्ठे पडतात, म्हणून ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या भल्यामोठ्या संख्येलाही ७ ने भाग जातो. आठ बिटला ७ एक्के, १२७, ती मूळ. बत्तीस बिटला ३१ एक्के, त्यांचे सारखे गठ्ठे पडत नाहीत, म्हणून निदान संधी तरी राहते, आणि ती मूळ निघाली.

म्हणजे हो, योगायोग. मशिनवाल्यांनी बिट दुप्पट दुप्पट केले, ८, १६, ३२, ६४, त्यातून एक चिन्हाला गेला, आणि उरलेला आकडा कधी मूळ निघाला कधी नाही. मूळ संख्या हवी म्हणून कोणी ३१ निवडलेले नाहीत.

ऑयलरचं रात्री लिहितो, आत्ता शाळेत निघालोय.

सह्याद्रीचा_वारा

मास्तर येईपर्यंत थोडा इतिहास, कारण तो मला फार आवडतो.

इटलीतल्या बोलोन्याचा गणिती कॅटाल्डी. त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं नीट तपासून दाखवलं, ओळीने भागाकार करून, आणि मग जोरात येऊन सांगून टाकलं की घातांक २३, २९, ३१ आणि ३७ ला पण मूळच येते. चारपैकी तीन चुकले! घातांक २३ च्या संख्येला ४७ ने भाग जातो आणि ३७ च्या संख्येला २२३ ने, हे दोन्ही फ्रान्सच्या फर्माने काढले. २९ चा निकाल ऑयलरने लावला, २३३ × ११०३ × २०८९. उरला एकटा ३१. मधल्या काळात, १६४४ मध्ये, मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने स्वतःची यादी छापली, त्यातही ३१ आहे, पण त्याच्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे घुसलेत आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेत. तरी नाव त्याचंच लागलं या संख्यांना.

मग १७७२ मध्ये ऑयलरने बेर्नुली नावाच्या गणितज्ञाला पत्रातून ३१ चा निकाल कळवला. तेव्हा तो पीटर्सबर्गला होता आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. दिसत नसलेला माणूस दहा आकडी संख्येचे भागाकार करतोय, करवून घेतोय. त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं जगातली सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या हीच होती.

अजून एक. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिलं की हिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या बहुधा कायमच सगळ्यात मोठी राहील, कारण या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, तर पुढे जाण्याचा खटाटोप करणार कोण. परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तेवढीच येते, जसं १+२+३ = ६. २^३० ला २^३१ − १ ने गुणलं की येते २३०५८४३००८१३९९५२१२८, ती बार्लोची संख्या. पण १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ३९ आकडी, तीही हाताने! उपयोग नाही म्हणून माणूस थांबत नाही हो.

फळाखडू

आलो. सह्याद्रीचा वारा, छान लिहिलंत, २९ चं मी पण सांगणारच होतो.

तर आता पद्धत. एखादी संख्या मूळ आहे का बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, हे आठवीत शिकवतो आम्ही. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्या जवळजवळ ४८०० आहेत. एवढे भागाकार हाताने म्हणजे कंबर मोडेल, आणि एक जरी चुकला तरी सगळं पाण्यात. ऑयलरची करामत भागाकार पटापट करण्यात नव्हती, कोणते भागाकार करायचेच नाहीत हे आधी ठरवण्यात होती.

समजा प या मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जातो. आता २ पासून सुरू करा, दुप्पट करत जा, आणि प च्या वर गेलं की प ने भागून बाकी तेवढी ठेवा. बाक्या चक्रात फिरतात आणि कधीतरी १ वर येतातच. २३ घेऊन बघा: २, ४, ८, १६, मग ३२ ची बाकी ९, मग १८, १३, ३, ६, १२, आणि २४ ची बाकी १. अकरा पावलं. म्हणून तर २३ ने २^११ − १ ला भाग जातो.

आपल्या प च्या बाबतीत ३१ व्या पावलाला १ यायला हवा. म्हणजे चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे, आणि ३१ मूळ, म्हणून लांबी एक तर १ नाहीतर ३१. १ असेल तर २ चीच बाकी १ आली असं होईल, ते शक्य नाही. म्हणजे चक्र बरोबर ३१ चं. आता फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतो की प − १ व्या पावलाला पण १ येतोच. म्हणून ३१ चं चक्र प − १ मध्ये पूर्णांक वेळा बसलं पाहिजे. थोडक्यात प − १ ला ३१ ने भाग जातो, आणि प विषम आहे म्हणून ६२ ने जातो. एका फटक्यात ३, ५, ७, ११, १३... यातल्या बहुतेक सगळ्या बाद.

दुसरी चाळणी अजून सुंदर आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग! म्हणजे प ने भागल्यावर बाकी २ उरते असा एक वर्ग अस्तित्वात आहे. असं फक्त तेव्हाच होतं जेव्हा प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते, हा जुना माहीत असलेला नियम. दोन्ही अटी एकत्र केल्या की प फक्त दोनच प्रकारचा असू शकतो, २४८क + १ नाहीतर २४८क + ६३.

४६३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६ संख्या आणि दुसऱ्या प्रकारच्या, ६३ सोडून, १८६. एकूण ३७२. ४८०० वरून ३७२ वर आलो, आणि त्यातल्याही खूपशा स्वतःच मूळ नाहीत म्हणून गळतात. दीड हजारापर्यंतचंच बघा. १५०० च्या आत २३९ मूळ संख्या आहेत, पण या चाळणीतून उरतात फक्त तीन: ३११, १३०३ आणि १४८९. २३९ भागाकारांचं काम तिनात! वहीवर करून बघितलं की अंगावर काटा येतो, मला अजून येतो.

अनघा_प

मास्तर, मस्त समजावलंत. भागाकारसुद्धा मोठा करावा लागत नाही, दुपटीनेच बाकी निघते, ते मी दाखवते. ३११ घेऊ. २^१० = १०२४, त्यातून ९३३ गेले, बाकी ९१. २^२० साठी ९१ चा वर्ग ८२८१, बाकी १९५. २^३० साठी १९५ × ९१ = १७७४५, बाकी १८. मग २^३१ ची ३६, त्यातून १ वजा, ३५. शून्य नाही, म्हणजे ३११ ने भाग जात नाही. ताळा हवा असेल तर सरळ भागाकार: ३११ × ६९०५०९२ + ३५ = २१४७४८३६४७. जुळलं.

आणि ल्युकाचं नाव निघालंच आहे तर त्याच्या पद्धतीत एकाही विभाजकाने भागावं लागत नाही. लेमरने ती नंतर सोपी केली. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, असं घातांकापेक्षा दोनने कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. १२७ म्हणजे २^७ − १, पाच वेळा करायचं. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९, बाकी शून्य! मी हे कॉलेजात असताना एसटीत बसून वहीच्या मागच्या पानावर केलं होतं, ते शून्य आलं तो क्षण मला अजून आठवतो. २१४७४८३६४७ साठी हेच २९ वेळा करायचं.

आजही सगळ्यात मोठ्या मूळ संख्येचा निकाल याच पद्धतीने पक्का होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १, तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. जगभरच्या हौशी लोकांचे कॉम्प्युटर जोडून १९९६ पासून जो शोध चालू आहे त्यात ती सापडली, ग्राफिक्स कार्डवर. एवढ्या मोठ्या संख्येचा वर्ग तेरा कोटींहून जास्त वेळा. पण रीत तीच, ४, १४, १९४...

बिटबाय

गणितवाल्यांनी गणित सांगितलं, मी कोडिंगमधला उपयोग सांगतो, कारण बार्लो उपयोग नाही म्हणाला ते मला लागलं.

रँडम नंबर काढायची एक जुनी साधी रीत आहे, १९६९ पासूनची, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलरने किमान एवढं तरी वापरा म्हणून सुचवलेली. आधीच्या नंबरला १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३... दहा हजारावा १०४३६१८०६५ यायला पाहिजे, आपलं कोड बरोबर आहे का ते त्यावरून तपासतात.

इथे संख्या मूळ असणं कामाला येतं. वर मास्तरांनी २ चं चक्र ३१ चं सांगितलं ना, तसं १६८०७ चं, म्हणजे ७^५ चं, चक्र पूर्ण २१४७४८३६४६ लांबीचं आहे. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा बरोब्बर एकदा येऊन मगच परत १ येतो. भाजक मूळ नसता तर एवढं लांब चक्र मिळालंच नसतं. हे पूर्ण चक्र आहे याची खात्री करायला २१४७४८३६४६ चे अवयव लागतात, ते आहेत २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. सगळे लहान लहान, त्यामुळे तपासणं सोपं. फक्त पासवर्ड, ओटीपी असल्या गोष्टींना ही रीत अजिबात वापरू नका, एक नंबर कळला की पुढचे सगळे कळतात.

कृष्णाकाठ भाऊ, टोटलचा कॉलम आणि कोडमधला टाइप दोन्ही ६४ बिट करा, नुसतं एक बदलून भागत नाही, मी त्यात एकदा दोन दिवस घालवलेत. मग ९२ हजार लाख कोटी रुपयांच्या वरपर्यंत काळजी नाही.

सांजवेळ

आणि तारखा पण बघून घ्या दादा. जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच साइजमध्ये मोजतात, ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८:४४:०७ ला संपतात. तेव्हा सकाळचं संकलन चालूच असेल ना! यूट्यूबवर पण २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज या आकड्याच्या वर गेले तेव्हा त्यांना काउंटर मोठा करावा लागला होता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सांजवेळ, तारखांचं खरंच डोक्यात नव्हतं, संध्याकाळी यादी काढतो.

काल संस्थेत डेटा ६४ बिटवर न्यायला बसलो होतो, दहा वर्षांच्या एन्ट्र्या, दीड तास लागणार होता. सेक्रेटरी समोर बसून होते, त्यांना हा धागा वाचून दाखवला. पस्तीस वर्षं दुधाचे हिशेब हाताने केलेला माणूस, त्यांना भागाकाराचं काय! म्हणाले बाकी काढायची एवढंच ना, आणा इकडं. बिलाचा पाठकोरा कागद घेतला आणि आम्ही दोघांनी वेगवेगळं करून ताळा घेतला, मी अनघाताईंच्या दुपटीच्या रीतीने आणि त्यांनी सरळ भागाकार. १३०३ ला बाकी २२६, १४८९ ला १९९. दोघांचं पहिल्या फटक्यात जुळलं. शेवटी टोटल पण बरोबर आली, २,१४,८१,२५०.५०.

मास्तर, बाक्या बरोबर आहेत का? आणि १४८९ च्या पुढचा कोणता घ्यायचा?

फळाखडू

दोन्ही बरोबर. सेक्रेटरींना माझा नमस्कार सांगा.

१४८९ च्या पुढे यादीत १५५१, १७३७, १७९९, १९८५, २०४७, २२३३, २२९५, २४८१ लागतात, सगळ्या संयुक्त, सोडून द्यायच्या. त्यातली २०४७ बघितलीत का, वर झटपट यांना दिलेलीच, २३ × ८९, ती इथे २४८ × ८ + ६३ बनून परत आली. नंतरची मूळ आहे २५४३. ती करा, मी पण इकडे करतो.

कृष्णाकाठ

१५२३ बाकी.

फळाखडू

माझी पण १५२३. २५४३ × ८४४४६८ करून ताळा घेतला. पुढची २७२९.